बासनाचा विसर

एखादा अहवाल किंवा एखादी योजना 'बासनात गुंडाळली' असे मराठीत म्हटले, की ती कायमची बाजूला पडली असे ऐकणारा समजतो. बासन म्हणजे पोथी बांधण्याचे कापड. ज्यांच्या घरी ते होते त्यांच्या हातून ते रोज सुटे आणि रोज बांधले जाई. गाठ सोडायची, वरची फळी उचलून ठेवायची, कालच्या खुणेपासून वाचायचे, पाने सारखी करायची आणि पुन्हा गाठ मारायची, असा तो नेम होता. पोथी वाचती राहावी एवढ्यासाठीच बासन होते. पुढे पोथ्या सुटेनाशा झाल्या, कापड तेवढे उरले, आणि जतनाचा शब्द विस्मरणाचा शब्द होऊन बसला.

हे आज आठवण्याचे कारण पोथी नव्हे. आमचा विषय पुष्कळ लहान आणि काही सहकाऱ्यांच्या मते पोरकट आहे. संग्रहातली कार्डे कशात ठेवावीत, एवढाच तो विषय. 1987 च्या विश्वचषकाच्या सुमारास 'बिग फन' बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डे, त्यानंतरच्या दशकातले कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांचे जोड, काडेपेटीवरची चित्रे, आजच्या मुलांची आयपीएलची कार्डे, आणि याच कुळातले थोरले भावंड म्हणजे पोस्टकार्ड. आम्ही चौघे जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांत मराठी शिकवतो, चाळिशी ओलांडलेले आहोत, आणि एरंडोल-पारोळा मार्गे एकमेकांकडे जाऊन-येऊन या फुटकळ वाटणाऱ्या प्रश्नावर पुरेसे रविवार घालवले आहेत. त्यातून आमचे एक ठाम मत झाले आहे. आपल्याकडच्या छोट्या कागदांचा जेवढा घात वाळवीने आणि कसरीने केला, तेवढाच तो जतनाच्या उत्साहाने केला आहे. आणि या उत्साहात सर्वांत पुढे आमच्यासारखे शिकलेले लोक आहेत.

आरोप मोठा आहे, म्हणून पुरावा स्वतःच्या घरचा देतो. आम्हांला शिकवणारे एक सर निवृत्तीनंतर वारले. त्यांच्या घरच्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आमच्या हवाली केला. आत पोस्टकार्डे होती. सरांना लेखकांची, विद्यार्थ्यांची, खेड्यापाड्यांतल्या वाचकांची आलेली. तळाशी काडेपेटीची चित्रे होती, सरांनी लहानपणी जमवलेली, आणि ती इतक्या वर्षांत त्यांनी टाकली नव्हती. 2008 साली आम्ही या कार्डांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. पाहुणे येणार, विद्यार्थी हाताळणार, कार्डे खराब होऊ नयेत, म्हणून ती लॅमिनेट करून घेतली. एकसष्ट कार्डे झाली आणि आमचे पैसे संपले. उरलेली कार्डे आणि काडेपेटीची चित्रे तशीच डब्यात परत गेली.

आज ती एकसष्ट कार्डे समोर धरली की मान खाली जाते. फाउंटन पेनाच्या अक्षरांभोवती निळसर धुके पसरले आहे. बॉलपेनची अक्षरे काही ठिकाणी फिकट जांभळी झाली आहेत. कडेला आवरणाचे दोन थर सुटून त्यांत हवा आणि धूळ शिरली आहे. मधला कागद मात्र असा चिकटला आहे की तो कागद म्हणून आता कधीच हाती लागणार नाही. पत्त्याच्या बाजूला पेन्सिलीने केलेल्या सरांच्या खुणा एका चकाकत्या थराखाली बुडाल्या आहेत आणि दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला की त्या वाचताही येत नाहीत. डब्यातली कार्डे, म्हणजे पैशांअभावी आमच्या प्रेमातून वाचलेली कार्डे, किंचित पिवळी पडली आहेत. बाकी ती जशी होती तशीच आहेत.

हे असे का झाले, याचे उत्तर अवघड नाही. दुकानातल्या लॅमिनेशनच्या आवरणाला बाहेरून पॉलिएस्टरचा थर असतो आणि आतून उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाचा. यंत्राच्या तापलेल्या रुळांतून ते जाते तेव्हा गोंद वितळून कागदाच्या तंतूंमध्ये उतरतो. त्यानंतर गोंद आणि कागद वेगळे राहत नाहीत. कागदात मुळातच असलेले आम्ल आत कोंडले जाते. शाईतले रंग गोंदात सावकाश सरकू लागतात. वरचा थर वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्याच्या टिकण्यालाच आपण कागदाचे टिकणे समजतो.

लॅमिनेशनचे समर्थक येथे म्हणतील की मोठमोठ्या अभिलेखागारांनीही लॅमिनेशन केले आहे. केले आहे, हे खरे. अमेरिकेत विल्यम बॅरो याने 1930 च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ फिल्मने जीर्ण कागद लॅमिनेट करण्याची पद्धत सुरू केली. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यंत्राऐवजी ॲसिटोनच्या बोळ्याने हाताने करण्याची रीत बसवली आणि ती जगभर भारतीय पद्धत म्हणून ओळखली गेली. मात्र ते काम कागदाचे आम्ल काढून मग करायचे, तेही जो कागद अन्यथा हातात धरता येत नाही त्याच्यासाठी. आणि ॲसिटोनमध्ये बुडवून ती फिल्म पुन्हा सोडवता येईल हा त्यामागचा हिशेब होता. एवढे करूनही हा मार्ग पुढे मागे पडला. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कागदाला काहीही न चिकटवता पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये तो नुसता ठेवून फक्त कडा बंद करण्याची रीत पुढे आणली. कागद मोकळा, आवरण वेगळे. म्हणजे त्यांनी, आपल्या भाषेत सांगायचे तर, पुन्हा बासन शोधून काढले. आमच्या शहरांतल्या झेरॉक्सच्या दुकानांत मात्र जे चालते त्यात ना आम्ल काढणे आहे, ना परतीची वाट.

ही झाली लॅमिनेशनची गोष्ट. ते सोडून जे लोक पाकिटे, अल्बम आणि कप्प्यांची पाने वापरतात, ते सुरक्षित आहेत काय? येथे जळगावकरांना तरी आम्ही अज्ञानाची सवलत देणार नाही. या गावाला प्लास्टिक कळत नाही असे कोण म्हणेल? येथले पाइप देशभर शेतांत पुरलेले आहेत. औद्योगिक वसाहतीत चटयांचे कारखाने आहेत. पाइप, पाणी मारायची नळी आणि चटई या तीन वस्तू समोर ठेवल्या तर कार्डाच्या आवरणाचे निम्मे शास्त्र तेथेच संपते.

पाइप पीव्हीसीचा असतो, कडक असतो, कारण त्यात मऊपणा आणणारे द्रव्य घातलेले नसते. नळीही पीव्हीसीचीच, पण ती वळावी म्हणून तिच्यात तेलकट प्लास्टिसायझर मोठ्या प्रमाणात मिसळलेले असते. हे द्रव्य नळीत बांधून राहत नाही; ते हळूहळू बाहेर येते. उन्हात पडलेली जुनी नळी कडक होऊन तडकते ती याच कारणाने. आता ओळखपत्राचे मऊ पाकीट, रेशनकार्डाचे कव्हर, स्वस्त अल्बमची ती वास मारणारी पाने आठवा. ही सगळी नळीची भावंडे आहेत. त्यांच्यातून सुटलेले द्रव्य कार्डाच्या छपाईवर उतरते, शाई मऊ करते आणि तिला आपल्याकडे ओढून घेते. पैशांच्या पाकिटातल्या पारदर्शक खिडकीत ठेवलेला फोटो काढू गेल्यावर निम्मा चेहरा खिडकीलाच राहतो, हा अनुभव नसलेला वाचक विरळा. शिवाय पीव्हीसी जुने होऊ लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि पत्र्याच्या कपाटातली हवा त्याहूनही तापते. अशा ठिकाणी ही क्रिया थंड प्रदेशातल्यापेक्षा कितीतरी वेगाने होणार हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी नको.

चटई पॉलिप्रोपिलीनची. तिच्यात असे तेल नसते. कार्डासाठी मिळणारी पातळ, मऊ, खुळखुळणारी पिशवी, जिला संग्राहक मुले 'स्लीव्ह' म्हणतात, ती चांगल्या प्रतीची असली तर याच पॉलिप्रोपिलीनची असते. बाजारात ती 'पीपी' या नावाने मागावी. तिच्या जोडीला पॉलिएस्टर हे दुसरे विश्वासू द्रव्य. अभिलेखागारे तेच वापरतात, ते अधिक पारदर्शक आणि ताठ असते, महागही असते. तिसरे पॉलिथिलीन, दिसायला थोडे धूसर, पण निरुपद्रवी. या तिघांबाहेर जाण्याचे कारण नाही.

ओळखायचे कसे, असे विचारणाऱ्यांना आम्ही एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे पाठवू इच्छितो. ते चटईच्या कारखान्यात कामाला आहेत. भंगारातले तुकडे पाण्याच्या पिंपात टाकून त्यांनी आम्हांला एका वाक्यात धडा दिला: "जे तरंगस ते आपलं, जे बुडस ते पाइपवालास्नं." पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्याहून हलकी, म्हणून तरंगतात, पीव्हीसी जड, म्हणून बुडते. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापून, तो पूर्ण भिजवून, बुडबुडे झटकून पेल्यात सोडावा. एक अडचण राहते, ती म्हणजे पॉलिएस्टरही बुडते. तेव्हा बुडणाऱ्या तुकड्यासाठी रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याकडे जावे. तांब्याची तार ज्योतीत लाल करून प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन आहे, म्हणजे ते पीव्हीसी समजावे. धूर विषारी असतो, म्हणून हे उघड्यावर करावे आणि मुलांच्या हाती तार देऊ नये. ज्याला एवढेही करायचे नाही त्याने नाक वापरावे. नव्या रेक्झिनसारखा वास येणाऱ्या अल्बममध्ये काहीही ठेवू नये.

कार्ड ताठ राहावे म्हणून जी जाड, कडक पाकिटे मिळतात, ज्यांना 'टॉपलोडर' म्हणतात, ती बहुधा कडक पीव्हीसीची असतात. म्हणजे ती पाइपच्या घराण्यातली, नळीच्या नव्हेत, आणि म्हणून दोष कमी. तरीही कार्ड त्यांत उघडे घालू नये. आधी पीपीची पिशवी, मग कडक पाकीट. हा क्रम आम्हांला आमच्यातल्या एकाच्या बारा वर्षांच्या मुलाने शिकवला, हे कबूल करताना संकोच वाटत नाही. कडक पाकिटाच्या कडेने कार्डाचे कोपरे घासतात, पिशवी ती घासणी स्वतःवर घेते. खेळाच्या कार्डाचे रूढ माप 63 गुणिले 88 मिलिमीटर. आपले पोस्टकार्ड साधारण 140 गुणिले 90. म्हणून कार्डांसाठीच्या नऊ कप्प्यांच्या पानात पोस्टकार्ड कोंबू नये. ते वाकते, आणि वाकलेला कागद तेथेच पुढे मोडतो. त्याला त्याच्या मापाची पिशवी घ्यावी, चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक असलेली. कार्ड स्वतःच्या वजनाने घसरून बाहेर येऊ नये आणि चिमटीने ओढताना अडू नये, एवढे सैल-घट्ट असले की माप बरोबर आहे. जाडीही पाहावी. साध्या कार्डासाठी केलेल्या पाकिटात जाड कार्ड दाबून बसवले की त्याच्या कडा पिचतात. पाने लावायची फाइल अर्धवर्तुळाकार कड्यांची असावी. पूर्ण गोल कड्यांवर पहिली आणि शेवटची पाने वळतात. रबरबँड, टाचणी, सेलोटेप आणि चिकट पानांचा लग्नाचा अल्बम, ही चार घराबाहेर काढावीत.

एक गोष्ट शेतकऱ्याकडून शिकण्यासारखी आहे. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला पिशवी घालतात. डाग पडू नयेत, थंडी-ऊन बाधू नये, पाने घासू नयेत, म्हणून. पण ती पिशवी खालून उघडी असते किंवा श्वास घेणाऱ्या कापडासारख्या प्लास्टिकची असते. घड हवाबंद केला तर तो आत घामेजून कुजेल हे कोणाही केळीवाल्याला सांगावे लागत नाही. जुन्या कागदाचेही तसेच आहे. गेल्या शतकातले बहुतेक स्वस्त कागद आम्लधर्मी आहेत, त्यांतून सुटणारी वाफ बाहेर जायला वाट लागते. पूर्ण बंद पाकिटात ती कागदालाच परत खाते. म्हणून पिशवीचे एक तोंड उघडे ठेवावे, कार्डे पुठ्ठ्याच्या पेटीत उभी ठेवावीत, पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि माळ्यापासून दूर ठेवावी, आणि पावसाळा संपला की एकदा सगळी बाहेर काढून पाहावीत. घडाबद्दल जे कळते ते कागदाबद्दल कळू नये, एवढा का आपला कागदाशी संबंध तुटला आहे?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. आपल्याकडेही त्यांचे अनुकरण सुरू झाले आहे. यांना प्लास्टिकचे सगळे प्रकार तोंडपाठ असतात. कार्ड एखाद्या कंपनीकडे पाठवायचे, तिने त्याला दहापैकी गुण द्यायचे आणि ते कडक डबीत कायमचे बंद करून परत पाठवायचे, ही पद्धत अमेरिकेत 1991 पासून पीएसए या कंपनीने रूढ केली. डबी फोडली की गुण गेले, आणि गुण गेले की किंमत गेली. म्हणून डबी कोणी उघडत नाही. या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे 1909 ते 1911 च्या मालिकेतले कार्ड. सिगारेटच्या पाकिटातून वाटलेले हे चिटोरे पीएसएने तपासलेले पहिले कार्ड ठरले, त्याला आठ गुण मिळाले आणि 2007 साली ते 28 लाख डॉलरना विकले गेले. 2013 साली बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की ते नीटनेटके दिसावे म्हणून त्याच्या कडा त्याने कापल्या होत्या. एवढी वर्षे डबीने जपले ते एक कापलेले कार्ड, आणि त्यावर आठ गुणांचा शिक्का. कार्ड कोणाच्या बोटांना लागत नव्हते. डबी सांगेल तेच खरे मानले जात होते.

आमच्या चकाकत्या पोस्टकार्डांत आणि या डबीत आम्हांला फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी वस्तू आवरणाच्या स्वाधीन झाली. म्हणून आवरण निवडताना आम्ही एकच प्रश्न पहिला ठेवतो: कार्ड यातून जसे आत गेले तसे बाहेर काढता येईल काय? उत्तर नाही असेल तर ते प्लास्टिक कितीही शुद्ध असो, ते आमच्या कामाचे नाही. उत्तर होय असेल तर मग द्रव्य पाहावे, माप पाहावे, किंमत पाहावी.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा, की आता सगळे स्कॅन करता येते, मूळ कागदाचे काय एवढे? स्कॅन जरूर करावे. आम्हीही केले आहे, आणि लॅमिनेशनच्या आधी केले नाही याचा पश्चात्ताप आहे. पण स्कॅनमध्ये कागदाची जाडी येत नाही, पेनचा दाब येत नाही, पाठीमागे उमटलेला शिक्का नेमका कोणत्या शाईचा हे येत नाही. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याने तरी प्रतीला मूळ म्हणू नये.

दुसरा आक्षेप आमच्याच विभागांतून येतो: पोथी, हस्तलिखित ठीक आहे, पण बबलगमची कार्डे म्हणजे साहित्य नव्हे. नसेल. पण आम्ही या दोन जिल्ह्यांत बसून हे बोलावे, हे विशेष. या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. लिहिता न येणाऱ्या त्या बाईची गाणी घरातल्यांनी कागदावर उतरवून घेतली नसती आणि तो कागद घरात टिकला नसता, तर 1952 साली छापायला काय उरले असते? ज्या दिवशी ती गाणी उतरवली गेली त्या दिवशी त्यांना कोणीही साहित्य म्हटले नव्हते. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. ते कागद सांभाळले गेले म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद मागत राहिले. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे राहिले. कोणता कागद क्षुद्र, हे ठरवण्याची घाई खानदेशातल्या मराठीच्या शिक्षकाने करू नये. काडेपेटीवरच्या चित्रांतून एका काळाची छपाई, भाषा, देवदेवता आणि बाजार वाचता येतो. बबलगमच्या कार्डामागचे धावांचे आकडे हा आमच्या पिढीतल्या कित्येकांचा पहिला स्वेच्छेने वाचलेला मजकूर आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा. तो टिकत नाही. पीपीच्या पिशव्या शेकड्याने मिळतात, आणि एक कार्ड लॅमिनेट करायला जे पडते त्यात अशा कितीतरी पिशव्या येतात. महाग पडते ती उधळपट्टी. तपासणी समिती येणार म्हटले की आठवडाभरात ग्रंथालयाचा कोपरा 'दुर्मीळ दालन' होतो, जुनी पाने रातोरात लॅमिनेट होऊन भिंतीवर चढतात, फोटो निघतात, गुण मिळतात. येथेही गुणच! समिती गेल्यावर ती पाने ट्यूबलाइटखाली तशीच राहतात. आमचे 2008 चे प्रदर्शन याहून वेगळे नव्हते, म्हणूनच हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटते.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या रामदासी पोथ्या आहेत. दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे, आणि लेखणी, शाई, कागद, अक्षराचे वळण यांच्याबरोबर लिहिलेले कसे सांभाळावे याचीही काळजी त्यात आहे. लिहिणे आणि लिहिलेले राखणे ही एकाच माणसाची कामे आहेत असे तेथे गृहीत धरलेले आहे. आमच्या अभ्यासक्रमात आम्ही तो समास शैलीसाठी शिकवतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या आजीचे एखादे पोस्टकार्ड कशात ठेवावे, हे मात्र आम्ही त्याला एकाही तासाला सांगत नाही. पदव्युत्तर वर्गाला एका दुपारी एक पाण्याचा पेला, कात्री आणि चार प्रकारच्या पिशव्या देऊन हे शिकवता येते. आम्ही दोन वर्षांपासून ते करतो. ज्यांना हे हास्यास्पद वाटते त्यांनी आपल्या ग्रंथालयातली लॅमिनेट केलेली पाने एकदा उन्हात धरून पाहावीत आणि मग हसावे.

त्या एकसष्ट कार्डांचे काय करायचे, असे विचारले जाते. काहीही करायचे नाही. आवरण ओढून काढण्याचा प्रयत्न एका कार्डावर आम्ही केला आणि कार्डाचा वरचा पापुद्रा अक्षरांसकट निघून आला. आता ती अंधारात, थंड जागी, सपाट ठेवली आहेत. त्यांचे स्कॅन झाले आहे, आणि प्रत्येकाबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे की हे कोणी, कधी आणि कोणत्या समजुतीने केले. डब्यातली कार्डे पीपीच्या पिशव्यांत गेली आहेत, प्रत्येकीचे तोंड वरच्या बाजूला उघडे. काडेपेटीची चित्रे नऊ कप्प्यांच्या पानांत बसली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पेटी उघडतो, काही कार्डे बाहेर काढतो, वाचतो आणि परत ठेवतो. मागच्या वेळी त्यांतल्या एका कार्डाच्या कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडली. 2008 साली ती आमच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती.